घरची शाळा, घरचा तास

मुलांना शाळेत न घालता घरीच वाढू द्यायचे, जगता जगता शिकू द्यायचे, हे खूळ आजचे नव्हे. जोहान्सबर्गला गांधीजींनी तेच केले. कचेरीला जाऊन येण्याची पाच मैलांची चाल आणि वाटेत मुलांशी गप्पा, हीच शाळा! मात्र अक्षरशिक्षणाला नेमाने रोज तासभर देता आला नाही, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली. मुलांनाही ती होतीच.

आमच्या यवतमाळकडे अशा शाळेला सामानाची वाण नाही. कपाशीचे एक बोंड फोडले की सरकी मोजावी, कापूस तोलावा, वात वळावी. पण तेवढ्यात पोर विचारते, “सरकीला केस कशाला?” त्यावर आपण “थांब, कुकर लावते,” म्हटले की शाळा सुटलीच!

परीक्षेची चिंता नको. चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येते. वेळेची सोय मात्र सरकार करीत नाही. तेव्हा फळा-खडू नंतर आणा. आधी रोजचा एक तास काढा. आणि हो, तो बाबांच्या वर्तमानपत्रातूनही निघाला पाहिजे!