पाच काच, पाच काच

जेवणे, बोलणे आणि दुसऱ्याचे उणे काढणे एवढीच तोंडाची कामे, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना हल्ली घरात एक नवीनच आवाज ऐकू येतो. कोपऱ्यात बसलेला मुलगा ओठ घट्ट मिटतो, फट्‌दिशी उघडतो, जिभेने चक्‌चक् करतो. आईला वाटते, याच्या दातात काहीतरी अडकले. तसे काही नसते. चिरंजीव ड्रम वाजवीत असतात!

या विद्येला बीटबॉक्सिंग म्हणतात. 1980 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ती फोफावली. ठेका देणाऱ्या विजेच्या यंत्राला तिथे ‘बीटबॉक्स’ म्हणत. त्या यंत्राचे काम काही पोरांनी तोंडाकडे सोपवले. डग ई. फ्रेश हे त्यांतले गाजलेले नाव. आपल्याकडे 2019 सालच्या ‘गली बॉय’ चित्रपटामुळे हा प्रकार पुष्कळांच्या कानावर गेला, आणि आता तो आमच्या नायगावातही येऊन पोचला आहे.

नवशिक्याची पहिली अडचण नावांची. ‘किक’, ‘स्नेअर’, ‘हाय-हॅट’ हे शब्द तो ऐकतो. पण ड्रमचा संच गावात असतो कुठे? म्हणून आधी ओळख करून घेऊ. वादकाच्या पायाशी आडवा ठेवलेला मोठा ढोल तो बेस ड्रम. पायाने पेडल दाबले की त्यावर ठोका पडतो, म्हणून त्या आवाजाला ‘किक’ म्हणतात. गुडघ्यांजवळचा चपटा ड्रम म्हणजे स्नेअर. त्याच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात, म्हणून तो नुसता ‘ठक्’ न म्हणता चरचरतो. हाय-हॅट म्हणजे एकीवर एक बसवलेल्या दोन झांजा. पायाने मिटून ठेवल्या तर आवाज तुटक, उघड्या ठेवल्या तर लांबट. याशिवाय घुमणारे टॉम आहेत, आणि क्रॅश व राइड या मोठ्या झांजा आहेत. पण पहिल्या महिन्यात या शेवटच्या मंडळींना नमस्कार करून पुढे जावे. किक, स्नेअर आणि हाय-हॅट एवढ्यांवर संसार चालतो.

आता हे तोंडाने कसे काढायचे? इथे मराठीच्या मास्तराला थोडे बोलू द्या. किक म्हणजे ओष्ठ्य वर्ण: ओठ मिटून सोडलेला ‘प’ किंवा ‘ब’. स्नेअरसाठी कंठ्य ‘क’ चालतो. आणि हाय-हॅटसाठी लागतो तो ‘त्स’ मराठी माणसाला फुकट मिळालेला आहे! ‘चमचा’, ‘चाक’, ‘चूल’ यांतला ‘च’ म्हणजे तोच. इंग्रजी मुलखात नवशिक्यांकडून ‘बूट्स अँड कॅट्स’ असे घोकून घेतात. आपण ‘पाच काच, पाच काच’ म्हणावे. सावकाश, एका चालीत म्हणावे. मग आवाज न काढता, नुसत्या श्वासाने म्हणावे. शेवटी स्वर गाळून टाकावेत. प्-च्-क्-च्. किक, हाय-हॅट, स्नेअर, हाय-हॅट! दोनदा म्हटले की आठ ठोके झाले. आपल्या केरव्याच्या मात्राही आठच.

तोंडाने वाजवणे आपल्याला नवे नाही. तबलजी आधी बोलांची पढंत करतो, मग हात चालवतो. उजव्यावरचा ‘ना’ आणि डग्ग्यावरचा ‘घे’ एकदम पडले की ‘धा’. फरक एवढाच, की ‘स्नेअर’ हे वस्तूचे नाव आहे आणि ‘धा’ हे आवाजाचे. शिकणाऱ्याजवळ दोन्ही असावीत.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका मुलाने असा ठेका धरला की मागच्या रांगेतली मुलेही गप्प झाली. नंतर मी विचारले तेव्हा त्याने ड्रमची सगळी नावे धडाधड सांगितली. पण त्याच्या ठेक्यात मला हलगी ऐकू आली होती. जाड टिपरूचा भरदार ठोका आणि बारीक काडीची मधली तडतड! मी तसे म्हणताच तो खाली बघू लागला. वडील मिरवणुकीत हलगी वाजवतात. “सर, ते गावातलं हाय. त्याला काय नाव असतंय व्हय?”

मला ते लागले. विस्तवावर हलगी शेकून तिची कातडी ताणणारा, कानाने सूर पारखणारा बाप घरात आहे. आणि न पाहिलेल्या स्नेअरचे नाव मुलाला मोठे वाटते. दोष मुलाचा नव्हे. लग्नात हलगीच्या तालावर आपण मनसोक्त नाचतो, पण वाजवणाऱ्याला कधी विचारतो का, की बाबा, या ठोक्याला तुम्ही काय म्हणता?

मी त्या मुलाला एक वही दिली आहे. डाव्या पानावर ड्रमचे शब्द आणि उजव्या पानावर वडिलांना विचारून हलगीचे. डावी पाने भराभर भरली. उजवीकडे सध्या तीनच शब्द आहेत. पण ते लिहून घेण्यासाठी बापलेक एक अख्खी संध्याकाळ हलगी घेऊन समोरासमोर बसले होते, असे कळते.