मीटिंगची वेळ कोण ठरवतं?

गेल्या महिन्यात वांगणीला गेले होते. स्टेशनजवळच्या एका घराच्या ओट्यावर दहा-बारा मुली जमल्या होत्या. सगळ्या उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या. कॉलेजात नवी विद्यार्थी संघटना सुरू झाली आहे. फीवाढ, स्कॉलरशिप, एस.टी. आणि लोकलचे पास असे प्रश्न घेऊन. मुलीही उत्साहानं सभासद झाल्या. पण तिन्ही बैठका संध्याकाळी सातला, कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर! बऱ्याच लोकल बदलापूरलाच संपतात, कर्जतची गाडी चुकली की वांगणीला पोचायला उशीर. मग घरचे विचारणार, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच बंद होण्याची भीती. तिसऱ्या बैठकीत पदं वाटली गेली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे मुलगे. ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून यांच्यातल्या एकीचं नाव, तेही तिला न विचारता.

“ताई, आम्ही वेगळी संघटना काढावी का?” त्यांनी विचारलं.

मला माझे दिवस आठवले. आमच्या संघटनेत समतेवर तासन्‌तास भाषणं व्हायची. मी पोस्टर रंगवली, पत्रकं वाटली, शिबिरात पोळ्या लाटल्या. निर्णय मात्र रात्री मुलांच्या खोलीवर व्हायचे आणि सकाळी आम्हाला कळायचे. कुणी आम्हाला ‘येऊ नका’ म्हटलं नव्हतं. बैठकीची वेळच तशी होती. हे राजकारण आहे हे समजायला मला फार वर्षं लागली. या मुलींना ते तीन बैठकांत समजलं!

महाराष्ट्रात विद्यार्थी राजकारणाची वाट आधीच अरुंद झाली आहे. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांऐवजी गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यानं थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. गुंडगिरी थांबावी हे खरंच. पण त्यापायी प्रश्न विचारायला, ठराव मांडायला, हरायला आणि पुन्हा उभं राहायला शिकण्याची जागाही गेली. मुलग्यांना नाका आहे, मंडळ आहे, पक्षाची शाखा आहे. मुलींना कॉलेज सोडून दुसरी जागा कुठली?

आणि आपल्या या पट्ट्यात संघटनेची गरज कुणाला पटवून द्यायला हवी का? मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीचा पेपर लिहिणाऱ्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच जिवंत जाळलं गेलं. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापुरात दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानं संतापलेले लोक रुळांवर उतरले, तासन्‌तास गाड्या बंद राहिल्या. संताप खराच होता. पण गर्दी संध्याकाळी घरी जाते. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला, पाठपुरावा करायला संघटनाच लागते.

एक साधं उदाहरण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, आणि ते लोकशाही पद्धतीनं निवडून आलेले हवेत. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. ओट्यावरच्या एकीलाही आपल्या समितीत कोण आहे हे माहीत नव्हतं. संघटनेचं पहिलं काम इथेच आहे.

वेगळं व्हावं की आत राहावं? १९७४ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी ‘प्रोग्रेसिव्ह ऑर्गनायझेशन ऑफ विमेन’ उभी केली, छेडछाड आणि हुंड्याचे प्रश्न रस्त्यावर आणले. स्वतंत्र उभं राहणं म्हणजे फूट पाडणं नव्हे. पण फीचा आणि पासाचा प्रश्न मुलामुलींचा एकच आहे, तोही सोडून कसा चालेल? मी दोन्ही बाजू मांडल्या. निर्णय त्यांचा.

त्यांनी ठरवलं ते असं. संघटनेत राहायचं. बैठक दुपारी, कॉलेजच्या आवारातच. निर्णय वहीत लिहायचे आणि उठण्याआधी मोठ्यानं वाचायचे. त्यांच्यातली एक मैत्रीण दृष्टिहीन आहे, सूचना तिचीच. “वाचून दाखवलं की मागाहून कुणाला बदलता येत नाही,” ती म्हणाली. पदं दरवर्षी बदलायची, खजिना मुलीकडेही द्यायचा. शिवाय मुलींची वेगळी बैठक दर पंधरवड्याला, आणि तिला कुणाची परवानगी लागणार नाही. हे मान्य झालं नाही, तर मग वेगळी संघटना.

माझी गाडी यायची वेळ झाली तेव्हा त्या पत्रकाचा मसुदा करत होत्या. खाली सह्या कुणी करायच्या यावर वाद चालू होता. घरी कळेल म्हणून दोघी कचरत होत्या. शेवटी सगळ्यांनी मिळून सह्या करायचं ठरलं, म्हणजे एकीवर येणार नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या आसपासच्या कॉलेजात अशा मुली असतील. त्यांना भाषण देऊ नका. बसायला जागा द्या, घरच्यांशी बोला, गरज पडली तर स्टेशनवर घ्यायला जा. आणि आपल्या स्वतःच्या बैठकांची वेळही एकदा तपासून पाहा.