अदंतधावन मुनिमहाराजांचे, आपले नव्हे



गेल्या चतुर्दशीला मंदिरात आम्ही काही जणी प्रवचनाची वाट पाहत बसलो होतो. दातदुखीचा विषय निघाला. मी म्हटले, संध्याकाळचे जेवण झाले की ब्रश करत जा. त्यावर एक जण पटकन म्हणाली, "काकू, संध्याकाळनंतर आमचा चारी आहारांचा त्याग असतो. तोंडात पेस्ट कशी घालायची? आणि मुनिमहाराज तरी कुठे दात घासतात?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात प्रवचन सुरू झाले आणि माझे उत्तर पोटातच राहिले. ते आज इथे देते, जरा स्पष्टच देते.

अदंतधावन हा मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक आहे, हे खरेच. मूलाचारात तो सांगितला आहे. पण त्याच्या शेजारी आणखी काय आहे तेही वाचा की! अस्नान आहे, केशलोच आहे, जमिनीवर झोपणे आहे, उभ्याने आहार घेणे आहे, दिवसातून एकदाच जेवणे आहे. यातले आपण काय पाळतो? सकाळी गरम पाण्याने आंघोळ करून, केसांना तेल लावून, गादीवरून उठून आलेल्या आपण फक्त दात न घासण्यापुरत्या मुनी होतो. शिवाय महाराज एकदाच, तेही मोजका आहार घेतात. आपण सकाळी चहा-बिस्किट, अकराला जेवण, तीनला चिक्की, साडेपाचला पुन्हा जेवण आणि वर गुळाचा खडा. ज्या तोंडात दिवसभर गोड जाते त्या तोंडाने अदंतधावनाचे नाव घेऊ नये. हा त्याग नाही, हा आळस आहे. त्याला व्रताचे नाव दिले की कोणी बोलत नाही, एवढेच.

माझ्या सासूबाईंचे सांगते. त्यांचा रात्रीचा त्याग कडक होता आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण जेवण झाले की चूळ भरून उठायच्या, ब्रश सकाळी. तोही ताठ केसांचा, आणि खसाखसा, भांडी घासल्यासारखा. साठीच्या आत दाढा गेल्या, मग पुढचे दात. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागल्या. ते एक वेळ चालले असते. पण स्तोत्र म्हणताना शब्द फुटेना, तेव्हा त्या मंदिरात मागे बसू लागल्या. पन्नास वर्षे मोठ्याने म्हटलेले स्तोत्र त्या मनातल्या मनात म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले आहे.

आता शास्त्र सोडून शरीराकडे या. दातांवर चिकट थर बसतो, त्यातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. दिवसा लाळ त्याला आवर घालते. झोपेत लाळ कमी होते. आपण तर सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, म्हणजे तोंड आणखी कोरडे. सहाला जेवून उठलेली बाई सकाळी सहापर्यंत तेच खरकटे तोंडात घेऊन असते, बारा तास! आदल्या रात्रीचे खरकटे भांडे आपण सकाळपर्यंत मोरीत ठेवत नाही, जीव पडतात म्हणून. मग तोंडाला वेगळा नियम का? ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर हिरड्यांकडे दुर्लक्ष करूच नये, दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात.

त्यामुळे त्याग मोडायचा प्रश्नच नाही. जेवण अर्धा तास आधी घ्या. ताक, लिंबू असे आंबट खाल्ले असेल तर लगेच घासू नये, दाताचा वरचा थर तेव्हा मऊ झालेला असतो, म्हणूनही हा अर्धा तास हवा. मग ब्रश, आणि मग नियम घ्या. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा सव्वापाचला पाने वाढा. सीरियल थांबेल, सूर्य थांबणार नाही.

ब्रश मऊ केसांचाच घ्या, डोके लहान, शेवटच्या दाढेपर्यंत पोचेल असे. कडक ब्रशने स्वच्छ होते ही समजूत मला सर्वांत महागात पडली. हिरड्या खाली सरकल्या, मुळे उघडी पडली, थंड पाणी लागते. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने, छोट्या छोट्या वळशांनी फिरवायचा, दोन मिनिटे, आतली बाजू न विसरता. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइडची. जाहिरातीतल्यासारखी लांब नागमोडी नव्हे. नळ चालू ठेवून घासू नका, गाळलेले पाणी तांब्यात घ्या. पाणी जपून वापरण्याबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. पूर्वी ब्रशला डुकराचे केस असत. नायलॉनचे ब्रश १९३८ मध्ये बाजारात आले. हल्ली बांबूच्या दांड्याचे 'नैसर्गिक' ब्रश मिळतात, त्यातल्या काहींना पुन्हा तेच केस असतात. पाकीट वाचा. पेस्टवर हिरवा ठिपका बघा. कडुलिंबाची काडी बरी असे म्हणणाऱ्यांना विचारते, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही, मग ओली फांदी रोज कशी मोडता? आणि मिसरीबद्दल तर बोलायलाच नको, ती जाळलेली तंबाखू आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. घरी तव्यावर भाजली म्हणून ती औषध होत नाही.

मी बी.कॉम. झालेली, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. तीस रुपयांचा ब्रश, दर तीन महिन्यांनी नवा, वर्षाचे एकशेवीस. माझ्या एका दाढेच्या रूट कॅनॉल आणि कॅपला नऊ हजार गेले, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे ब्रश. केस बाहेर वाकलेला ब्रश "अजून चालेल" म्हणून ठेवणाऱ्या मैत्रिणींनो, तो शेगडीचे बर्नर घासायला काढा.

परवा त्याच मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "काकू, सव्वापाचला जेवायचे तर हे दुकानातून येत नाहीत." मी म्हटले, त्यांचे ताट झाकून ठेव, तू जेव आणि ब्रश कर.