वकिलाला शिव्या घालण्याआधी एवढं वाचा

परवा तवसाळच्या फेरीबोटीची वाट बघत जेटीवरच्या टपरीत बसलो होतो. विषय खंडाळ्याचाच. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तिहेरी खुनाचं ते प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून आमच्या जयगड-वाटद पट्ट्यात दुसरा विषयच नाही. एक जण तावातावाने म्हणाला, "असल्यांचं वकीलपत्र घेणाराच आधी बडवला पाहिजे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. त्याची लाज वाटली, म्हणून लिहितोय.

राग मला कळतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना कायद्याची कलमं ऐकवायची माझी हिंमत नाही. पण बाकीच्या आपण तरी जरा डोकं शांत ठेवू या की नको?

नाशिक जिल्ह्यातली गोष्ट ऐका. जून २००३. वस्तीवर दरोडा, पाच खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. तेव्हा कोणी त्यांची बाजू घेतली असती तर आपण त्यालाच जोड्याने मारलं असतं. मग ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममध्ये भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते, आणि पोलिसांनी त्या चौघांकडे बघितलंही नव्हतं! १६ वर्षं गेली. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. भरपाई प्रत्येकी ५ लाख. आणि ज्यांनी खरंच खून केले ते एवढी वर्षं कुठे होते? वकिलाने हा प्रश्न विचारला नाही तर कोण विचारणार?

"पण कसाबला कशाला वकील?" हे तर ठरलेलं. तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन त्याला जिवंत पकडून दिला. मुंबईत वकिलांच्या संघटनेने ठराव केला, कोणी त्याची केस घ्यायची नाही. अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली तर त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. तरी कोर्टाने वकील दिला, खटला तीन कोर्टांत चालला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. वकील मिळाला म्हणून कसाब सुटला का? नाही. उलट जगात कोणी त्या निकालाकडे बोट दाखवू शकलं नाही. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्यातल्या एकाचे वकील शाहिद आझमी. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्याच ऑफिसात गोळ्या घालून त्यांना मारलं. अशील निर्दोष सुटलेला बघायला ते राहिले नाहीत.

आणि हे वकिलाच्या मर्जीचंही नाही. घटनेचं कलम २२ आरोपीला वकिलाचा हक्क देतं. ऐपत नसेल तर सरकारने वकील द्यायचा. बार असोसिएशनचे बहिष्काराचे ठराव बेकायदा आहेत, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१० मध्येच सांगितलंय.

आता माझं पाप. वीस वर्षांपूर्वी पोलिसांच्या प्रेसनोटवरून मी एका पोराला मथळ्यात 'नराधम' करून टाकला. 'संशयित' हा शब्द मीच खोडला होता. पुढे तो सुटला. ती बातमी आतल्या पानावर चार ओळीत गेली. त्याची आई अजून बाजारात भेटते. बोलत नाही.

काही वकील उलटतपासणीत पीडितेची अब्रू काढतात, तारखांवर तारखा घेतात. खरंय. तिथे न्यायाधीशांनी कान धरावा, आपणही लिहावं. पण केस सुटते ती बहुतेक वेळा वकिलाच्या हुशारीने नाही. पंचनामा भोंगळ, पंच फितूर, फॉरेन्सिक अहवाल उशिरा. एवढ्या गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो. मग मोर्चा वकिलाच्या दारात कशाला? पोलीस ठाण्यात जाऊन विचारा: आरोपपत्र कुठवर आलं? साक्षीदारांना संरक्षण दिलं का?

पुरावा पक्का असेल तर कितीही मोठा वकील आला तरी घाबरायचं कारण नाही. आणि कच्चा असेल, तर ते आज कोर्टात कळलेलं बरं की १६ वर्षांनी?

पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा. फक्त रत्नागिरी कोर्टात उद्या जो कोणी काळा कोट घालून आरोपीच्या बाजूने उभा राहील, त्याच्या घरच्यांना त्रास देऊ नका. उद्या पोलिसांनी चुकून तुमच्याच पोराला उचललं, तर तुम्हीही त्याच्याच ऑफिसची पायरी चढणार आहात.