पडद्यावरचा ठिपका

एकदा नांगर उचललेल्या जहाजाची वार्ता ते पुढच्या बंदराला लागेपर्यंत कोणास कळत नसे, तो काळ फार जुना नाही. आज घरबसल्या कोणीही कोणत्याही मोठ्या मालवाहू जहाजाचा माग काढू शकतो. आंतरराष्ट्रीय जलमार्गावरील बहुतेक सर्व जहाजांवर आपले नाव, स्थान, दिशा व वेग क्षणोक्षणी आपोआप कळविणारे यंत्र बसविणे २००४ च्या अखेरीपासून बंधनकारक आहे. नाव बदलो वा निशाण बदलो, जहाजाचा सात अंकी क्रमांक जन्मभर तोच राहतो. इतके सारे दिसत असताना किनाऱ्यांवरची संकटे टळली का, या प्रश्नाचे उत्तर मात्र समाधानकारक नाही.

‘वाकाशिओ’ या जहाजाचेच उदाहरण घ्यावे. २००७ साली बांधलेले, सुमारे तीनशे मीटर लांबीचे हे जहाज खनिजासारखा सुटा माल वाहणारे होते. सिंगापूरहून ब्राझीलकडे ते रिकामेच चालले होते. २५ जुलै २०२० च्या सायंकाळी ते मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळरांगेवर जाऊन बसले. बारा दिवसांनी त्याच्या पोटातून तेल गळू लागले आणि सुमारे एक हजार टन तेल त्या निळ्या खाडीत पसरले. १५ ऑगस्टला जहाज दुभंगले. ज्या बेटावर दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठी भाषक कुटुंबेही नांदत आहेत, तेथील आबालवृद्ध उसाच्या पाचटाचे तरंगते बांध रचून तेलाशी झुंजले. भारतीय तटरक्षक दलाचे पथकही साहित्यासह मदतीस गेले.

हे घडले कसे? जहाज भाड्याने चालविणाऱ्या मित्सुई कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये जी माहिती दिली, ती विचार करावयास लावणारी आहे. किनाऱ्यापासून बावीस सागरी मैलांवरून जाण्याचा मूळ मार्ग बदलून तो पाच मैलांवर आणण्यात आला. आणि तो कशासाठी, तर भ्रमणध्वनीचा संपर्क मिळावा म्हणून! किनाऱ्याजवळ वावरण्यास योग्य असा सविस्तर नकाशाही वापरात नव्हता. कप्तान व त्याचा सहकारी अधिकारी यांना मॉरिशसच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा ठोठावली. त्यांचा दोष आम्ही झाकू इच्छित नाही. परंतु ते साल महासाथीचे होते, लक्षावधी खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, आणि घरच्यांचा आवाज ऐकण्याची सोय जहाजावर असणे ही चैन नव्हे, एवढे ध्यानी घेतल्यावाचून केवळ दोन माणसांना तुरुंगात टाकून या प्रकरणाचा निकाल लागला असे म्हणता येत नाही.

जहाजाचे मालक जपानी, निशाण पनामाचे, नाविक भारत, श्रीलंका व फिलिपिन्सचे आणि काळवंडलेला किनारा मात्र मॉरिशसचा! टँकरमधून तेल सांडले तर नुकसानभरपाईसाठी जो आंतरराष्ट्रीय निधी आहे, तो येथे उपयोगी पडला नाही. कारण हे तेल माल म्हणून नेले जात नव्हते, ते जहाजाचे स्वतःचे इंधन होते. माशांस व कोळ्यांस हा भेद कसा कळावा?

मॉरिशस दूर आहे असे समजून मुंबईकराने स्वस्थ बसू नये. २०११ च्या जून महिन्यात ओमानच्या बाजूस नाविकांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे छोटे तेलवाहू जहाज महिनाभर समुद्रात भरकटले आणि ३१ जुलैला थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. नोव्हेंबर २००८ चा हल्ला सागरी मार्गाने झाला असतानाही त्या जहाजाची चाहूल कोणास लागली नाही. पुढच्या चारच दिवसांत, ४ ऑगस्टला, ‘रॅक’ हे जहाज साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन मुंबईपासून काही मैलांवर बुडाले. नाविक वाचले, ही समाधानाची गोष्ट. पण तेल किनाऱ्याला लागले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने शंभर कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला तो २०१६ साली, म्हणजे पाच वर्षांनी. या पाच वर्षांत कोळ्यांची जाळी कोणी धुऊन दिली?

पाहणे आणि राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रात्रभर जागा राहून चोराला न हटकणारा पहारेकरी झोपलेल्याहून बरा नव्हे. म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. जहाज ठरल्या मार्गावरून किनाऱ्याकडे वळताच त्यास हटकण्याचा अधिकार आणि न हटकल्याचा जाब, ही दोन्ही एकाच यंत्रणेच्या शिरावर असावीत. ज्याच्या विम्याची खात्री पटत नाही, अशा जहाजास आपल्या बंदराचे दार उघडू नये. आणि भरपाईचा पहिला हप्ता खटल्याच्या निकालाची वाट न पाहता कोळीवाड्यात पोहोचावा. १९५८ च्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी नौवहन कायदा संसदेने २०२५ साली संमत केला आहे. त्याची कसोटी न्यायालयात लागण्यापूर्वी किनाऱ्यावर लागेल. पडद्यावरचा ठिपका हलताना सर्वांनाच दिसतो. तो चुकीच्या दिशेने हलू लागताच ओरडून उठणारा माणूस त्या पडद्यासमोर बसलेला असला पाहिजे.