शर्यत पाहावी ती घरच्यांसह

मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती तरुणांनी पाहाव्यात व वडीलधाऱ्यांनी त्या वेळी घर सांभाळावे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. आजोबांस त्या गोंगाटात काय कळणार, आजीस ती धूळ कशी सोसणार, असे प्रश्न विचारले जातात आणि विचारणारेच त्यांची उत्तरेही देऊन टाकतात. ही समजूत बरोबर नाही. शर्यतीस जावयाचे तर तीन पिढ्यांनी मिळून जावे. एकट्यादुकट्याने पाहिलेली शर्यत अर्धीच पाहिलेली असते.

२८ जानेवारी २०२४ रोजी रविवार होता. त्या दिवशी पुण्याजवळ बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात ‘इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग’ या मोटारसायकल शर्यतींची पहिली फेरी झाली. मैदानात मातीचे लहानमोठे उंचवटे रचलेले, मधूनमधून तीव्र वळणे, आणि त्यांवरून झेप घेत जाणारे देशी-परदेशी स्वार, असा तो खेळ. उंचवट्यावरून उडालेली मोटारसायकल क्षणभर पक्ष्यासारखी अधांतरी तरंगते आणि धाडकन जमिनीवर उतरून पुढच्या वळणाकडे धावू लागते.

अशी शर्यत पाहावयास निघालेल्या एका कुटुंबाची कल्पना करा. नातवंडे बदलापूरची, आजी-आजोबा अंबरनाथचे, आणि मामा उल्हासनगरचे. तिन्ही गावे एकाच लोहमार्गावर लागोपाठची. आजोबांचे आयुष्य अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर गेलेले. मामांचे स्कूटर दुरुस्तीचे छोटे दुकान. मंडळी कर्जतमार्गे पुण्याकडे निघतात. तेथे घाट चढण्यासाठी अनेक गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडतात, कारण बोरघाटात काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे १ फूट इतका चढ आहे. पुढच्या इंजिनाने ओढावे, मागच्यांनी रेटावे, तेव्हा गाडी खंडाळ्यास पोहोचते. बदलापूर हे नावच मुळी घोडे बदलण्याच्या जागेवरून पडले, असे गावात सांगतात. ते खरे असो वा नसो, थकलेला घोडा बदलावा लागतो हे जुन्या प्रवाशांस ठाऊक होते, एवढे त्यावरून दिसते.

आता मंडळी मैदानात येऊन बसली. शर्यत एकच, पण प्रत्येकाची नजर निराळी. नातवाचे डोळे सर्वांत पुढच्या स्वारावर खिळलेले असतात. मामा इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून बसतात. आजोबांची नजर मात्र उंचवट्याच्या बाजूस हातात निशाण घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. त्यास मार्शल म्हणतात. एखादा स्वार घसरून पडला की तो पिवळे निशाण हलवतो. मागून येणाऱ्यांनी ते पाहताच सावध व्हावयाचे व त्या जागी कोणालाही मागे टाकावयाचे नाही. तांबडे निशाण दिसले की सर्वांनी थांबावयाचे, मग पहिला कोणीही असो. “अरे, तो बघ, पुढे जाता येत असूनही गेला नाही!” असे आजोबा सांगतात, तेव्हा नातवास प्रथमच कळते की शर्यतीत पुढे न जाण्याचेही कौशल्य असते. आणि आजी? ती पुढे गेलेल्या स्वाराचे नावही विचारीत नाही. “पडलेल्या मुलाला फार लागले का?” एवढेच ती विचारते. सारे प्रेक्षक विजेत्याकडे पाहत असताना पडलेल्याची चौकशी करणारे कोणी घरात असले पाहिजे.

आजोबांस शर्यत नवी नसतेच. ठाणे व रायगड या जिल्ह्यांतील अनेक गावांत बैलगाड्यांच्या शर्यती त्यांच्या पिढीने लहानपणापासून पाहिलेल्या आहेत. बैलांचे हाल होतात म्हणून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. पुढे राज्याने कायदा बदलला. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा मान्य केला. मुक्या जनावराचा छळ करावयाचा नाही, ही अट पाळली तर शर्यत, नाही तर गुन्हा. जुन्या पिढीने हा बदल डोळ्यांदेखत पाहिला आहे. म्हणून नियमांविषयी नातवंडांशी बोलण्याचा अधिकार तिला पुस्तक वाचणाऱ्यापेक्षा अधिक आहे.

मोटारींच्या शर्यतींतील नियम तर फार मोठी किंमत देऊन आलेले आहेत. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मां येथील शर्यतीत एक मोटार दुसरीवर आदळून प्रेक्षकांत जाऊन कोसळली. चालकासह ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. ती माणसे शर्यत खेळणारी नव्हती, केवळ पाहणारी होती. आज मैदानात प्रेक्षक आणि मार्ग यांच्यामध्ये जे कठडे व जे अंतर असते, ते पाहून “एवढ्या लांबून काय दिसणार?” अशी कुरकुर करणाऱ्या मुलास ही हकीकत अवश्य सांगावी.

दुसरी हकीकत २९ नोव्हेंबर २०२० ची. बहारीन येथील फॉर्म्युला वन शर्यतीच्या पहिल्याच फेरीत रोमां ग्रोजां या फ्रेंच चालकाची मोटार कठड्यावर आदळली, तिचे दोन तुकडे झाले व ती पेटली. २८ सेकंदांनी ग्रोजां ज्वाळांतून स्वतः बाहेर आला. हातांस भाजले, प्राण वाचले. २०१८ पासून या मोटारींत चालकाच्या डोक्याभोवती धातूचे मजबूत कडे बसविणे सक्तीचे झाले होते. या कड्यास ‘हेलो’ म्हणतात. ते दिसावयास ओबडधोबड, म्हणून अनेकांस नकोसे वाटत होते. खुद्द ग्रोजांचाही त्यास विरोध होता. अपघातानंतर त्यानेच त्याचे गुण गायिले. पहिल्या फेरीत मोटारींच्या पाठोपाठ डॉक्टरांची गाडी धावते, तीही तेथे लगेच पोहोचली होती. त्याच बहारीनमध्ये पुढच्याच आठवड्यात, ६ डिसेंबरला, मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टू शर्यत जिंकला. फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय.

या सर्वांवर एक गंभीर आक्षेप घेण्यात येतो. अशा शर्यती पाहून मुले रस्त्यावर तसेच करू लागतात, असे अनेक पालक म्हणतात. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. कल्याण-बदलापूर रस्त्यावर मोकळा तुकडा दिसताच गाडी पिटाळणारे तरुण आपण पाहतोच. परंतु त्यांतील किती जण आजोबांबरोबर बसून शर्यत पाहून आलेले असतील? बहुतेकांनी ती मोबाइलच्या पडद्यावर, दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत पाहिलेली असते. त्या तुकड्यांत झेप असते, निशाणवाला नसतो. स्वार दिसतो, पण त्याच्या छातीवरचे कवच, गळपट्टा व शर्यतीपूर्वी झालेली गाडीची तपासणी दिसत नाही. रस्त्यावर समोरून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईस कोणी पिवळे निशाण दाखविलेले नसते. मुलांना शर्यतीपासून दूर ठेवण्यापेक्षा ती संपूर्ण दाखवावी, हेच अधिक शहाणपणाचे आहे.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. २०११ ते २०१३ या काळात दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या. तिन्ही सेबास्टियन फेटेल या जर्मन चालकाने जिंकल्या. परंतु आठ माणसांनी बदलापूरहून तेथवर जाणे हे सामान्य कुटुंबास झेपणारे नव्हते. म्हणूनच पुण्यासारख्या जवळच्या ठिकाणची शर्यत बरी. आणि तीही दरवर्षी पाहिलीच पाहिजे असे नाही. मुलींनाही मागे ठेवू नये. पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ साली पुरुष चालकांबरोबर शर्यत करून मोटारींचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या दोन मुलांच्या आई आहेत.

जाणाऱ्यांनी कानांत घालावयास कापूस, पिण्याचे पाणी आणि डोक्यास रुमाल जवळ ठेवावा. शक्य असल्यास जागा वळणाजवळची घ्यावी, जिथून मार्शल दिसेल अशी. आजींसाठी पायऱ्या कमी चढाव्या लागतील असे पाहावे. आणि शर्यत संपताच दाराशी गर्दी न करता थोडे बसून राहावे. स्वार निघून गेल्यावर मेकॅनिक गाड्या पुसू लागतात व मार्शल निशाणे गुंडाळू लागतात. तेवढा वेळ आजोबांस आणि नातवास बोलावयास पुरतो.