मडकें वाजवून घेतां, मग क्लास कां नाहीं?



दसऱ्यादिवाळीला सोयाबीन आडतीवर गेलें कीं आमच्या तेरच्या बाजूला दोन माणसें हटकून येतात. एक उधारी मागणारा आणि दुसरा गणिताच्या स्पर्धापरीक्षेचा क्लास विकणारा. पहिल्याला आपण चार दिवस थांबवतों. दुसऱ्याला मात्र जागच्या जागीं रोख मोजतों! आमच्या भागांतील एका कुळवाडी बापानें आठवीच्या मुलीसाठीं असे २० हजार रुपये मोजले. वर्षाअखेर मुलीच्या गळ्यांत पदक पडलें, फोटो छापला गेला. मागाहून कळलें कीं, ती परीक्षा क्लासवाल्यानें स्वतःच घेतली होती. आणि ज्या परीक्षेनें घरांत पैसा आला असता, तिचा अर्ज भरावयाचा राहून गेला. तो अर्ज शाळेमार्फत जातो. म्हणून या चुकींत आम्हां मास्तरमंडळींचाही वाटा आहे, हें कबूल केलें पाहिजे.

तेव्हां पहिला प्रश्न असा विचारावा: परीक्षा कोणाची? राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आपल्या राज्यांत पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांना ती देतां येते. घरचें वार्षिक उत्पन्न ३ लाख ५० हजारांच्या आंत असावें लागतें. निवड झाली आणि मूल पुढच्या वर्गांत नीट पास होत गेलें, तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये मिळतात. प्रश्नपत्रिका मराठींत असते. गणिताचे प्रश्न ९० पैकीं २० च. बाकीचे विज्ञानाचे व समाजशास्त्राचे, शिवाय बुद्धिमत्तेचा पेपर वेगळा. ज्या क्लासांत फक्त गणित घोटतात, तो या परीक्षेला अपुरा आहे.

दुसरी परीक्षा खऱ्या ऑलिंपियाडची. ही जागतिक स्पर्धा १९५९ सालीं रुमानियांत सुरू झाली. भारत तींत १९८९ पासून उतरला आणि १९९६ सालीं ती मुंबईंत भरली. आपल्या देशांतील निवड मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखालीं टप्प्याटप्प्यानें होते. पहिल्या पायरीला ३ तासांत ३० प्रश्न; उत्तर म्हणून फक्त संख्या लिहावयाची. पुढच्या प्रादेशिक पायरीला ३ तासांत ६ च प्रश्न, पण तेथें नुसतें उत्तर चालत नाहीं, कारण पटवून द्यावें लागतें. अर्ध्या तासाला एक प्रश्न! घोकून आलेलें मूल तेथें काय करील?

आमच्या गांवच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हांस ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यांत काकांनीं थापटणें घेतलें आणि एकेकाचें डोकें वाजवून कच्चें मडकें कोणतें, पक्कें कोणतें, तें सांगितलें. आपण बाजारांत दहा रुपयांचें गाडगेंसुद्धां टिचकी मारून घेतों. क्लासलाही तशी टिचकी मारावी. ती कशी, तें सांगतों.

३ शेर आणि ५ शेर अशीं दोनच मापें आहेत. भरून ओतावयाचें, परत काढावयाचें नाहीं. किती शेर धान्य देतां येणार नाहीं? मुलाला खडे घेऊन बसवा. १, २, ४ आणि ७ शेर जमत नाहींत. ८ म्हणजे ३ आणि ५. ९ म्हणजे तीन वेळां ३. १० म्हणजे दोन वेळां ५. एवढे तीन जमले कीं पुढें ३ ची भर घालीत गेल्यास सगळे जमतात. कच्चा क्लास यांतलें कांहीं सांगत नाहीं. तो सूत्र देतो: दोन्ही मापांचा गुणाकार करा, त्यांतून दोन्ही मापें वजा करा, १५ मधून ८ गेले, उत्तर ७. उत्तर बरोबर आलें म्हणून बाप खूष!

आतां टिचकी मारा. मापें ४ आणि ६ शेरांचीं घ्या. सूत्र म्हणतें, २४ मधून १० गेले, १४ शेर जमणार नाहीं. पण ४, ४ आणि ६ मिळून १४ होतातच कीं! उलट १५, १७ असे विषम शेर जन्मांत जमणार नाहींत, कारण दोन्ही मापें सम आहेत. सूत्र कोठें चालतें आणि कोठें अडतें, हें जो सांगतो तोच शिक्षक. असा एक तास मागें बसून पाहावा. बसूं देत नसेल, तर पैसे कनवटीलाच ठेवावे.

१८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें सांगितलें कीं, सरकारी तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांच्या पदरांत पडतो. देव आणि माणूस यांच्यामध्यें मध्यस्थ नको, हें त्यांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ पासून शिकविलें. तो पुरोहित आपण दाराबाहेर ठेवला. आतां गणिताचा पुरोहित घरांत घेणार काय? हाही पोथी उघडीत नाहीं, मंत्र पाठ करवितो आणि दक्षिणा आगाऊ घेतो.

कोणी म्हणेल, 'मास्तर, पुण्यामुंबईच्या पोरांना मार्गदर्शक मिळतो. आमच्यांनीं काय हवेंतून शिकावें?' हें खरें आहे. मार्गदर्शक हवाच. पुण्यांत श्रीराम अभ्यंकर यांनीं १९७६ सालीं काढलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानासारखी संस्था हें काम करते. तसें आपल्या भागांत झालें पाहिजे, ही मागणी आपण लावून धरूं. क्लास चांगला सांपडला तर घालावाही. पण परीक्षा कोणाची, पेपर कोणत्या भाषेंत, शिकविणारा रोज तोच राहील काय, आणि मधेंच सोडल्यास पैसे परत किती, एवढें कागदावर लिहून घेऊन मगच.

परंतु त्याआधीं फुकट आहे तें वापरा. होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य आहेत. घरांत एक मोबाईल असला तरी पुरे. दर रविवारीं चावडींत पांच-सात मुलें एका प्रश्नाभोवतीं बसूं द्या. मुलगेही आणि मुलीही. एक प्रश्न दिवसभर सुटला नाहीं तरी घाबरूं नका. भट्टी घाईनें उघडली तर मडकें कच्चेंच राहतें, हें कुंभाराला शिकवावें लागत नाहीं.

आणि आठवीचें मूल घरांत असेल, तर उद्यांच शाळेंत येऊन मास्तराला विचारा: 'आमच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला काय?' आम्हांला राग येणार नाहीं. आला तरी विचारा.